बुधवारची शिकवणी

“आज मंगळवार हाय,” गिरजा म्हणाली. “बुधवार उद्या.”

भिंतीवरच्या आरशासमोर गालभर साबण फासून उभ्या असलेल्या कान्हूचा हात थांबला नाही. “ठावं हाय. उद्या सकाळची बस गाठायची हाय. म्हणून आजच उरकतोय.”

गिरजा परसात कोन नावाच्या वेलाचे कंद धूत बसली होती. कंदांना चिकटलेली लाल माती नखानं काढता काढता ती दारातून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. चौतीस वर्षांच्या संसारात ही पाठ आरशासमोर फक्त रविवारी उभी राहिली होती. आता आठवड्यात दोनदा दाढी होत होती. पांढरा सदरा तर तो स्वतःच धूत होता.

कान्हू रेल्वेत कीमन होता. कॅसलरॉकपासून खाली घाटात उतरणाऱ्या रुळांचा, मधल्या बोगद्यांसकट, सहा किलोमीटरचा तुकडा त्याच्याकडे असायचा. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी झेंडी, आणि रोज तोच तुकडा पायी तुडवायचा. रूळ धरून ठेवणाऱ्या सैल चाव्या ठोकायच्या, बोल्ट आवळायचे, कुठं काही बिघडलंय का ते बघायचं. संध्याकाळी घरी आला की तो हातपाय धुऊन जेवायचा आणि झोपायचा. बोलणं ही त्याला वरची ड्युटी वाटायची. गिरजानं ते स्वीकारलं होतं. काही पुरुष दारू पितात, काही मारतात. आपला बोलत नाही, एवढंच, असं ती स्वतःला सांगायची.

गेल्या जूनमध्ये तो रिटायर झाला. क्वार्टर सोडून दोघं गावाच्या कडेला बांधलेल्या स्वतःच्या घरात आली. सर्विसचे पैसे बँकेत पडले. वास्कोला नोकरी करणाऱ्या सागरनं, त्यांच्या मुलानं, फोनवर सांगितलं, “बाबा, नुसते पडू देऊ नका. रामनगरला दीपाली मॅडम आहेत. गुंतवणुकीचं सगळं मराठीतून समजावून सांगतात. एकदा जाऊन तर या.”

मेडिकलच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर दीपालीचं ऑफिस होतं. दर बुधवारी अकरा ते एक ती रिटायर झालेल्या माणसांना बसवून गुंतवणुकीतले अवघड शब्द समजावून सांगायची. पैसे घ्यायची नाही. शब्द कळल्याशिवाय कुणीही सही करायची नाही, हा तिचा नियम होता. एकदा जाऊन येतो म्हणून गेलेला कान्हू तीन महिने बुधवार चुकवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारची अनुसया पायरीवर येऊन टेकली. ती रामनगरला बीपीच्या गोळ्या आणायला गेली होती.

“गिरजाक्का, तुझा दादला हसत होता गो.”

“कोण?”

“कान्हूदादा. खाली दुकानात उभी हुते, वरनं आवाज आला. म्हटलं बघावं. त्या बाईनं काय तरी इचारलं आनि ह्यानं सगळ्यांच्या आदी उत्तर दिलं. मानसांनी टाळ्या वाजवल्या. असा हसला, म्हनतेस! दात दिसले.”

“म्हातारा झालाय. हसंना,” गिरजा म्हणाली.

अनुसया गेल्यावर ती कंद सोलायला बसली. दोन वेळच्या भाजीपुरते सोलायचे होते. भानावर आली तेव्हा विकायला बाजूला काढलेले कंदही तिनं सोलून टाकले होते.

त्या बाईला तिनं अजून पाहिलं नव्हतं. पण ती पस्तिशीची आहे, खानापूरची आहे, तिला दोन पोरं आहेत आणि ती कान्हूला ‘काका’ म्हणते, एवढं तिला ठाऊक होतं. हे ‘काका’च तिला जास्त टोचत होतं. ती त्याला नावानं हाक मारत असती, डोळे मोडत असती, तर गिरजाला भांडायला जागा तरी मिळाली असती. नवरा दुसऱ्या बाईकडं जातो, असं चारचौघांत बोलता आलं असतं. नवरा दुसऱ्या बाईशी बोलतो, घरी बोलत नाही, हे कुणाला सांगणार?

कान्हू आंघोळीला गेला तेव्हा तिनं त्याची शिकवणीची वही उघडली. गिरजा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली होती. सावकाश का होईना, वाचता यायचं. कान्हूचं अक्षर गोल आणि नेटकं होतं. या हातानं तिला कधी पत्र आलं नव्हतं. पानाच्या डाव्या बाजूला एकाखाली एक शब्द होते आणि समोर त्यांचे अर्थ. मॅच्युरिटी: मुदत पूर्ण होण्याची तारीख. कूपन: मिळणारं व्याज. बॅरियर: ठरलेली रेषा. अंडरलाइंग. इश्युअर रिस्क. तिला एकही शब्द ओळखीचा वाटेना. मधेच एका पानावर निळ्या शाईत दोन आडव्या रेघा काढल्या होत्या. वरच्या रेघेवर एक तडा दाखवला होता आणि खाली तिरप्या, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘काका, हे तुमच्यासाठी सोपं आहे!’

गिरजानं वही होती तशी ठेवली. तिच्या घरात, तिच्या नवऱ्याच्या वहीत, दुसऱ्या बाईचं अक्षर होतं.

“फुडल्या बुधवारी तू बी चल,” जेवताना कान्हू म्हणाला. “दोघांच्या नावावर करायचं हाय. तुजी सही लागतीया.”

“कशावर?”

“मार्केट लिंक्ड डिबेंचर.” हे शब्द त्यानं न अडखळता उच्चारले, आणि उच्चारून झाल्यावर तो किंचित ताठ बसला. गिरजानं ते पाहिलं.

बुधवारी तिनं लग्नाकार्यातली जांभळी साडी नेसली. 

दीपाली साधी निघाली. सुती सलवार-कमीज, केसांना रबर, तळपायांना भेगा. गिरजानं वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि तिचा धीर आणखी खचला. कान्हू रूपावर गेला असता तर ते कळण्यासारखं होतं.

“काकू, या. तुमच्याबद्दल किती ऐकलंय!” दीपालीनं तिला खुर्ची दिली आणि चहा सांगितला. त्या दिवशी शिकवणीला आणखी कुणी आलेलं नव्हतं. “काकांनी तुम्हाला समजावलं असेलच, पण मी पुन्हा सांगते. एक कंपनी आपल्याकडून चाळीस महिन्यांसाठी पैसे घेते. व्याज मिळणार की नाही, हे शेअर बाजाराच्या आकड्यावर ठरतं. एक रेषा आधीच ठरलेली असते. शेवटच्या दिवशी बाजार त्या रेषेच्या वर असला तर व्याज मिळतं. खाली असला तर व्याज नाही, नुसतं मुद्दल परत.” तिनं वहीतलं ते रेघांचं पान उघडलं. “ही रेषा काकांना कशी कळली माहितीये? त्यांच्याच रुळावरून. त्या दिवशी रूळ तडकला होता तेव्हा गाडी उलटली नाही, थांबली. प्रवासी पुढं पोचले नाहीत, पण जिवंत राहिले. इथंही तसंच.”

“कवा तडकला हुता?” गिरजानं विचारलं.

दीपालीला वाटलं, ती तारीख विचारतेय. “काका, कुठलं साल ते? थंडीतली पहाट होती ना? काकांना फट दिसली आणि लोंढ्याकडून पॅसेंजर सुटल्याचं ठाऊक होतं. मग ड्रायव्हरला इशारा म्हणून रुळावर फटाके लावले आणि लाल झेंडी घेऊन धावत सुटले. पडले, गुडघा फुटला, तरी धावले. इंजिन अगदी तीस पावलांवर थांबलं. अंगावर काटा येतो ना ऐकताना? रेल्वेनं पाचशे रुपये बक्षीस दिलं होतं.”

कान्हू जमिनीकडं बघत होता, पण त्याचा चेहरा सुखावला होता.

पाचशे रुपये गिरजाला आठवत होते. ‘बोनस हाय’ म्हणून त्यानं ते तिच्या हातात ठेवले होते. त्यातून तिनं कुकर घेतला होता. गुडघ्याला तिनंच हळद भरली होती. ‘पडलो’ एवढंच तो म्हणाला होता. पैसे तिच्याकडे आले, जखम तिच्याकडे आली; नेमकी गोष्ट मात्र वीस वर्षं थांबली आणि या मेडिकलवरच्या खोलीत येऊन उतरली.

दीपालीनं कागद पुढं केला. गिरजानं पेन उचललं नाही.

“मला कळल्याबिगर सही करनार न्हाई.”

“अगदी बरोबर आहे, काकू. कुठला शब्द नाही कळला? मी सांगते.”

“तुमी नगा सांगू,” गिरजा म्हणाली. “ह्येंना सांगू द्या. घरात.”

परतीच्या बसमध्ये रामनगर मागं पडलं. मग गिरजा म्हणाली, “रूळ तडकल्याचं मला का न्हाई सांगितलं?”

“तू कवा इचारलंस?”

“इचारायचं कवा? जेवन झालं की तुमी घोरत. त्या बाईनं इचारलं?”

कान्हूनं विचार केला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. “व्हय,” तो म्हणाला. “तिनं पैल्याच दिवशी इचारलं. काका, तुमी काय काम करत हुता, नीट सांगा म्हनली.”

 गिरजा खिडकीतून मागं जाणारी झाडं बघत राहिली.

पुढचे सहा दिवस कान्हूनं तिला शिकवलं. दुपारची भांडी घासून झाली की ती पदराला हात पुसत ओसरीवर यायची. तो वही उघडून बसलेलाच असायचा. पहिल्या दिवशी तो फक्त वाचून दाखवत होता. दुसऱ्या दिवसापासून सांगू लागला. ‘अंडरलाइंग’पाशी ती अडली तेव्हा त्यानं डोकं खाजवलं, परसाकडं बघितलं आणि म्हणाला, “हे बघ. कोनाचा येल वर दिसतोय. पर खरा माल कुठं? खाली, मातीत. कंद पोसला तर येलाला किंमत. तसं आपलं व्याज म्हंजे येल, आनि बाजाराचा आकडा म्हंजे खालचा कंद. त्यो अंडरलाइंग.”

हा दाखला खानापूरच्या बाईचा असणं शक्य नव्हतं. तो इथंच, तिच्यासमोर, तिच्या परसातून निघाला होता. गिरजाला कळलं होतं, तरी ती म्हणाली, “न्हाई कळलं. परत सांगा.”

असं तिनं पुष्कळदा केलं. मुदतीच्या आधी पैसे मोडता येत नाहीत, मोडायला गेलं तर घेणारा मिळेल त्या भावानं घेतो, हे तिला एका झटक्यात कळलं. बाजार कितीही चढला तरी व्याज ठरलेल्याच्या वर जात नाही, हेही कळलं. पण ती नकारार्थी मान हलवायची, आणि तो न चिडता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. बोलता बोलता त्याचे हात हलायचे. या माणसाला बोलताना हात हलवायची सवय आहे, हे तिला साठीला टेकल्यावर कळत होतं. दीपालीला ते तीन महिने आधी कळलेलं होतं, हा विचार आला की ती आणखी एक शब्द विचारायची.

सहाव्या दिवशी तिनं बोट ठेवलं. “ह्येच्या फुडं काय लिवलंच न्हाई.”

‘इश्युअर रिस्क’ या शब्दासमोरची जागा कोरी होती.

“इश्युअर म्हंजे कंपनी,” कान्हू म्हणाला.

“आनि रिस्क?”

“धोका.”

“कसला धोका? मुद्दल तर राखलेलं हाय म्हनता.”

“राखलेलंच हाय. तसं छापलंय कागदावर.”

“राखनार कोन?”

कान्हूनं वहीचं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. “त्या दिशी ती घाईत हुती,” तो हळूच म्हणाला. “सगळ्यांनी माना हलवल्या. म्या बी हलवली.”

तिथंच गिरजा थांबली असती तर बरं झालं असतं. दोघांनी मिळून विचारलं असतं. पण त्या बाईला हरवायला तिच्या हाती बुधवार लागला होता.

त्या बुधवारी खोलीत पाच-सहा माणसं होती. जोयड्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले शिवानंद शिरस्तेदार होते, दोन रेल्वेवाले होते. गिरजा पुढच्या खुर्चीवर बसली. दीपालीनं विचारायच्या आत ती म्हणाली, “बाई, एक सांगा. रूळ धड हाय. तडा न्हाई, काय न्हाई. पर ज्या पुलावर रूळ टाकलाय त्यो पूलच बसला तर?”

 दीपालीनं हातातला खडू खाली ठेवला.

“मुद्दल राखनार कोन?” गिरजानं विचारलं. “सरकार?”

“नाही, काकू. कंपनी. तिचा शब्द असतो.”

“आनि कंपनी बुडाली तर?”

“तर मुद्दलही अडकतं. किती परत मिळेल, कधी मिळेल, सांगता येत नाही. कंपनीला दर्जा दिलेला असतो, तो चांगला आहे. पण दर्जा म्हणजे हमी नव्हे. यालाच इश्युअर रिस्क म्हणतात.” ती खोलीतल्या सगळ्यांकडं वळली. “हे मी एकदा सांगितलं होतं, पण घाईत. चूक माझी आहे. सगळ्यात आधी सांगायची गोष्ट होती ही.”

दीपालीनं ते इतक्या सरळपणे कबूल केलं की गिरजाच्या हातातलं भांडण निसटायला लागलं. ती घाईनं म्हणाली, “तुमची कशी चूक? ह्येंनीच इचारायचं हुतं. तीन म्हयने नुस्तं उतरवून घेतलं. कळ्ळं न्हाई तरी मान हलवली. लाजत हुते, दुसरं काय!”

मागं कुणीतरी हसलं. शिवानंद शिरस्तेदारही हसले, वाईट हेतूनं नव्हे. कान्हू हसला नाही. त्यानं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

“काकू, तुम्ही दर बुधवारी या,” दीपाली म्हणाली. “असा प्रश्न इथं आजवर कुणी विचारला नव्हता.”

गिरजा जिना उतरली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. त्या बाईच्या तोंडून, त्या बाईच्या खोलीत, आपण हे वदवून घेतलं होतं. हे हलकेपण रस्ता ओलांडेपर्यंत टिकलं. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी होती, तरी कान्हू मागच्या बाकावर जाऊन बसला.

पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत गेले. सागर फोनवर म्हणाला, “आई, तू लक्ष घातलंस ते बरं झालं.” अनुसयानं चार घरांत सांगितलं की गिरजाक्कानं रामनगरच्या बाईला गप्प केलं. गिरजानं ते नाकारलं नाही.

मग मंगळवार आला आणि गेला. कान्हूनं दाढी केली नाही. बुधवारी तो ओसरीवर बसून राहिला. पुढच्या बुधवारीही. जेवायचा, पानतंबाखू खायचा, दुपारची गाडी घाट चढू लागली की कान देऊन ऐकायचा. वही फळीवर होती. गिरजानं दोनदा ती खाली काढून त्याच्या शेजारी ठेवली. त्यानं उघडली नाही.

चौथ्या बुधवारी तीच म्हणाली, “जावा की रामनगरला.”

“कशाला? पैशे लागले की आता.”

“शिकायला.”

“माजं शिकून झालं,” कान्हू म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

जिंकून तिनं घरात आणला होता तो हा जुना माणूस, जेवून झोपणारा. तिला हाच हवा होता का? दुसरा, हात हलवून बोलणारा, रामनगरच्या खोलीत राहून गेला होता. आणि तिथं जाऊन त्याला परत मागावं, तर तोंड नव्हतं.

जानेवारीत जोयड्याला कंदमुळांचा बाजार भरायचा होता. त्यासाठी दोघं परसात कोन खणत होती. कान्हू कुदळीनं माती सैल करत होता, गिरजा हातानं कंद मोकळे करून टोपलीत टाकत होती.  मग त्या खड्ड्याकडं बघत गिरजानं विचारलं, “बोगद्यात आत कसं असतंय?”

“कसं म्हंजे? काळोक.”

“रोज जात हुता. भ्या न्हाई वाटलं कवा?”

कान्हूनं आणखी दोन घाव घातले. तो आता काही बोलणार नाही असं धरून ती पुढच्या वेलाकडं सरकली. तेव्हा तो म्हणाला, “एकदा वाटलं.”

ती वळली नाही. वळलं तर तो थांबेल असं तिला वाटलं.

“सागर पोटात हुता तुज्या. पावसाळा. बोगद्यात वरनं पानी गळत हुतं, त्या आवाजात मागनं चढनारी मालगाडी आयकू आली न्हाई. उजेड पडला तवा कळ्ळं. भितीत मानूस हुबा ऱ्हाईल एवडा कोनाडा असतोय, त्यात शिरलो. गाडी नाकाफुडनं. एक डबा, दोन डबे, सपंनाच. गाडी गेली तरी म्या तितंच हुबा. पाय हालंनात.” तो कुदळ ठेवून बांधावर बसला. “पाटलोन भिजली हुती. पान्यानं न्हाई.”

गिरजाचे हात मातीत होते.

“मग वड्यावर बसून धुतली. घरी आलो तर तू म्हनलीस, किती भिजलायसा, पाऊस लई हाय काय? म्या व्हय म्हनलो.”

तिनं आठवून बघितलं. पावसाळा आठवला, पोटातलं ओझं आठवलं, क्वार्टरची गळणारी कौलं आठवली. तो एक दिवस मात्र काही केल्या आठवेना.

“हे रामनगरला सांगितलं हुतं?” तिनं विचारलं.

“हे?” कान्हूनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. “हे तितं कसं सांगायचं?”

गिरजानं मान हलवली. दोघांच्या मधे ठेवलेली टोपली तिनं उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली, आणि मातीचे हात तसेच घेऊन त्याच्या शेजारी बांधावर बसली.

“किती डबे हुते?” ती म्हणाली.